डाळींतील प्रथिन आणि तेलांतील जीवनसत्त्व

चिमूटभर हळद पेलाभर पाण्यांत टाकून ढवळली, तर पाणी पिवळें दिसतें. पण घटकाभरानें पाहावें तों हळद तळाशीं जाऊन बसलेली असते. तिच्यांतील पिष्टाचा भाग सोडून दिला, तरी तिचें शुद्ध रंगद्रव्यहि पाण्यांत विरघळावयास राजी नसतें. तीच हळद तापलेल्या तेलांत पडली, कीं तेल क्षणांत सोनेरी होतें आणि तो रंग सगळ्या भाजीभर पसरतो. महाराष्ट्रांतील गृहिणीनें पिढ्यान् पिढ्या हळद फोडणींत घातली, आणि घसा धरला असतां ती दुधांत कढवून दिली. या वहिवाटीमागें रसायनशास्त्रांतील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. अन्नांतील कांहीं अत्यंत मोलाचीं द्रव्यें पाण्याशीं वैर धरून असतात. आणि मनुष्याचें शरीर तर बव्हंशीं पाणीच. मग हीं द्रव्यें शरीरांत पोहोंचावयाचीं कशीं?

हळदीचें रंगद्रव्य कर्क्युमिन, गाजरांतील कॅरोटीन, लोण्यांतील ‘अ’ जीवनसत्त्व, माशाच्या तेलांतील ‘ड’ जीवनसत्त्व, हीं सारीं याच कुळांतलीं. तेलांत तीं सुखानें विरघळतात, पाण्यांत जवळजवळ मुळींच नाहीं. ज्या घरीं दूध, लोणी, तूप यांची उणीव नाहीं, तेथें हा प्रश्न फारसा जाणवत नाहीं. ज्या घरीं कोरड्या भाकरीवर दिवस काढावा लागतो, तेथें तो मुलाच्या दृष्टीचा प्रश्न होऊन बसतो. या अडचणीवर गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञांनीं जो उपाय शोधण्यास घेतला आहे, तो मोठा विलक्षण आहे. वाटाणा, सोयाबीन, भुईमूग, मका, गहूं यांच्या दाण्यांतील प्रथिनांचें रूप थोडें पालटावयाचें, आणि पाण्याशीं न जमणारीं तीं द्रव्यें त्या प्रथिनांच्या पोटांत घालून शरीरांत न्यावयाचीं, असा तो उपाय आहे. तो नवा असला, तरी त्याचीं मुळें अठराव्या शतकापर्यंत जातात.

इ. स. १७२८ मध्यें इटलींतील बोलोन्या शहरीं याकोपो बेक्कारी या अध्यापकानें तेथील विद्वत्सभेपुढें एक साधा प्रयोग मांडला. गव्हाच्या पिठाचा गोळा मळून तो पाण्याखालीं धूत राहिलें, कीं पांढरें पिष्ट वाहून जातें आणि हातांत एक चिवट, लवचिक लगदा उरतो. कणीक मळणाऱ्या कोणत्याहि हाताला हें करून पाहतां येईल. बेक्कारीचें वैशिष्ट्य असें, कीं त्यानें तो लगदा टाकून दिला नाहीं. त्याचे गुणधर्म तपासले. पिष्ट वनस्पतिजन्य पदार्थासारखें आंबत होतें. लगदा मात्र मांसासारखा कुजत होता. तोंवर असा पदार्थ केवळ प्राण्यांच्या शरीरांत असतो, अशी पंडितांची समजूत होती. धान्याच्या दाण्यांतहि मांसाच्या जातीचें कांहीं द्रव्य असतें, ही गोष्ट १७४५ मध्यें त्याचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हां जगापुढें आली. त्या लगद्यालाच ग्लूटेन म्हणतात.

पुढील शंभर-सव्वाशें वर्षांत या शोधाला फांद्या फुटल्या. १८२१ मध्यें अमेरिकेंतील जॉन गोरॅम यानें मक्याच्या दाण्यांतून एक द्रव्य वेगळें काढून त्याला ‘झीइन’ हें नांव दिलें. हें द्रव्य पाण्यांत विरघळत नसे, मद्यार्कांत मात्र विरघळे. १८३८ मध्यें स्वीडनच्या बर्झेलियसनें हॉलंडांतील मुल्डर या रसायनशास्त्रज्ञास पत्र लिहून या साऱ्या वर्गासाठीं ‘प्रोटीन’ असें नांव सुचविलें; ज्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें, त्याचा अर्थ ‘अग्रस्थानीं असलेलें’ असा आहे. १८६६ मध्यें जर्मनींतील रिटहाउसेन यानें ग्लूटेनचें विघटन करून त्यांतून एक नवें आम्ल मिळविलें, व ग्लूटेनवरूनच त्यास ‘ग्लुटामिक आम्ल’ म्हटलें. या आम्लाचें काम पुढें पुन्हां पडणार आहे.

परंतु वनस्पतींतील प्रथिनांचा खरा इतिहासपुरुष म्हणजे टॉमस ऑस्बर्न. अमेरिकेंतील न्यू हेवन येथील कृषिसंशोधन केंद्रांत १८८८ च्या सुमारास त्यानें हें काम हातीं घेतलें, आणि तीसांहून अधिक जातींच्या बियांतील प्रथिनें शुद्ध करून तपासलीं. त्यानें त्यांचें वर्गीकरण एकाच कसोटीवर केलें: कोणतें प्रथिन कशांत विरघळतें? कांहीं साध्या पाण्यांत, कांहीं मिठाच्या पाण्यांत, कांहीं मद्यार्कांत, आणि उरलेलीं सौम्य आम्लांत किंवा अल्कांत. हें चतुर्विध वर्गीकरण आजहि शिकविलें जातें. १९०९ मध्यें त्याचा वनस्पतिज प्रथिनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. डाळींतील बहुतेक प्रथिन मिठाच्या पाण्याच्या वर्गांत बसतें, मक्याचें झीइन मद्यार्काच्या वर्गांत बसतें. म्हणजे ज्या प्रथिनांना पुढें वाहन करावयाचें होतें, तीं स्वतःच पाण्याच्या बाबतींत मोठीं लहरी होतीं.

याच ऑस्बर्ननें येल विद्यापीठांतील लाफायेट मेंडेल याच्या सहकार्यानें उंदरांवर आहाराचे प्रयोग आरंभिले. प्रथिनांपैकीं एकटें झीइन खाऊं घातलें, तर उंदीर झिजत. त्यांत उणीं असलेलीं दोन अमिनो आम्लें घातलीं, कीं ते पुन्हां वाढूं लागत. पण याहून मोठी गोष्ट १९१३ मध्यें हातीं आली. आहारांत प्रथिन, पिष्ट, क्षार आणि डुकराची चरबी, सर्व कांहीं असूनहि उंदरांची वाढ कांहीं काळानें खुंटे, आणि त्यांचे डोळे बिघडत. चरबीच्या जागीं लोणी दिलें, कीं तेच उंदीर सावरत. विस्कॉन्सिन येथील मॅकॉलम आणि मार्गेरिट डेव्हिस या जोडीलाहि त्याच वर्षीं हाच अनुभव आला. त्यांचा लेख प्रकाशकाकडे अवघे कांहीं आठवडे आधीं पोहोंचला. लोण्याच्या स्निग्धांशांत लपलेल्या या द्रव्यास पुढें ‘अ’ जीवनसत्त्व म्हणूं लागले. वनस्पतींतील प्रथिनें ज्यानें निवडून वेगळीं केलीं, त्याच माणसाच्या हातीं स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वाचाहि धागा लागावा, हा मोठा योगायोग होय. मात्र हे दोन धागे एकत्र गुंफले जाण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षें जावयाचीं होतीं.

हें द्रव्य केवळ उंदरांच्या पिंजऱ्यांतील कुतूहल नव्हे, हें पहिल्या महायुद्धानें दाखविलें. डेन्मार्क हा दुधालोण्याचा देश. परंतु युद्धाच्या काळांत तेथील लोणी भरमसाट किंमतीला परदेशीं जाऊं लागलें, आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्यास साय काढलेलें दूध आणि कृत्रिम लोणी आलें. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक याच्याकडे डोळे कोरडे पडून बुबुळ विरघळूं लागलेलीं बालकें येऊं लागलीं. संपूर्ण दूध किंवा कॉड माशाच्या यकृताचें तेल दिलें, कीं वेळीं आलेलीं मुलें वांचत. पुढें युद्धामुळेंच लोण्याची निर्यात थांबली, तें देशांतच ठराविक प्रमाणांत वाटलें जाऊं लागलें, आणि हा रोगहि ओसरला. गोठ्यांत दूध होतें, तरी त्यांतील स्निग्धांश मुलांच्या ताटापर्यंत पोहोंचत नव्हता, एवढाच त्या अंधत्वाचा अर्थ होता.

हिंदुस्थानांत हा रोग युद्धाची वाट पाहत नव्हता. निलगिरी पर्वतांतील कुन्नूर येथील आहारसंशोधन प्रयोगशाळेचा संचालक वॉलेस आयक्रॉइड याचें लक्ष दक्षिणेंतील मुलांच्या डोळ्यांकडे गेलें. केंब्रिजच्या टॉमस मूर यानें १९३० मध्यें सिद्ध केलें होतें, कीं वनस्पतींतील पिवळें कॅरोटीन प्राण्याच्या शरीरांत ‘अ’ जीवनसत्त्वाचें रूप घेतें. त्याचा आधार घेऊन आयक्रॉइड व त्याचा सहकारी राइट यांनीं या रोगावर तांबड्या ताडतेलाचा उपयोग केला, व १९३७ मध्यें त्यासंबंधीं लेख प्रसिद्ध केला. या तेलांत कॅरोटीन विपुल असतें, आणि तें आधींच तेलांत विरघळलेलें असतें. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. १९५८ मध्यें आफ्रिकेंतील रुआंडा येथें कांहीं मुलांचा आहार तपासतां असें दिसलें, कीं त्यांच्या अन्नांत कॅरोटीन असूनहि शरीर त्याचा फारच थोडा भाग घेई, कारण त्या अन्नांत स्निग्धांश जवळजवळ नव्हता. जेवणांत थोडें तेल घालतांच तें प्रमाण पुष्कळ वाढलें. कॅरोटीन पानांत असणें आणि तें रक्तांत येणें, या दोहोंमध्यें अशी एक दरी आहे.

निसर्ग ही दरी कशी ओलांडतो? आंतड्यांत पित्त स्निग्धांशाचे बारीक बारीक थेंब करतें, आणि पित्तांतील क्षार व स्निग्धाम्लें यांच्या अतिसूक्ष्म पुंजांत बसून हीं जीवनसत्त्वें आंतड्याच्या भिंतीशीं पोहोंचतात. रक्तांत गेल्यावर त्यांना पुन्हां वाहन लागतें. न्यूयॉर्कमधील संशोधकांनीं १९६८ मध्यें दाखविलें, कीं ‘अ’ जीवनसत्त्व यकृतांतून बाहेर पडतें तें एका खास प्रथिनाच्या कुशींत बसूनच. ज्या बालकास प्रथिनांचें घोर दुर्भिक्ष आहे, त्याच्या यकृतांत जीवनसत्त्वाचा थोडाफार सांठा असला, तरी तो डोळ्यापर्यंत जाऊं शकत नाहीं; त्यास वाहून नेणारें प्रथिनच तयार होत नाहीं. दुधांतहि हीच योजना दिसते. इस्रायलमधील हैफा येथील संशोधकांनीं २००७ मध्यें दुधांतील केसिन या प्रथिनाच्या सूक्ष्म पुंजांत ‘ड’ जीवनसत्त्व भरून दाखविलें, आणि तें तेथें बऱ्यापैकीं सुरक्षित राहतें असें त्यांना आढळलें.

याचें कारण प्रथिनाच्या घडणींत आहे. प्रथिनाचा रेणु ही अमिनो आम्लांची लांबलचक माळ असून ती गुंडाळीसारखी दुमडलेली असते. तिच्यांतील कांहीं मण्यांना पाणी प्रिय, कांहींना अप्रिय. पाणी प्रिय असलेले मणी बाहेरच्या अंगास येतात, अप्रिय असलेले आंत दडून बसतात. म्हणून बाहेरून पाण्याशीं सख्य आणि आंत तेलकट पाहुण्याला आसरा, अशीं दोन्हीं कामें एकाच रेणूला करतां येतात. मग दुधाचेंच प्रथिन कां, डाळीचें कां नव्हे, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. डाळ स्वस्त, तिला गोठा लागत नाहीं, आणि शाकाहारी माणसाला तिचा विटाळ नाहीं.

पण बीजांतील प्रथिन हें मुळांत वाहन म्हणून निर्माण झालेलें नाहीं. तें कोंभासाठीं करून ठेवलेला सांठा होय. कोठीघरांत पोतीं रचावीं तसे त्याचे रेणु दाण्यांत घट्ट रचलेले असतात. स्वीडनच्या डॅनियलसन यानें १९४९ मध्यें वाटाण्यांतील दोन मुख्य प्रथिनांचीं आकारमानें मोजून ते रेणु केवढे अवाढव्य आहेत हें दाखविलें. शिवाय किंचित् आंबट द्रावणांत त्यांच्या अंगावरील विद्युद्भार एकमेकांस छेदून टाकतात, आणि तीं सांकळून खालीं बसतात. म्हणून आधीं त्यांचें रूप पालटणें भाग होतें.

हें पालटणें माणसानें पूर्वीं एकदां निराळ्याच हेतूनें केलें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें इंग्लंडांतील चिब्नल आणि ॲस्टबरी या शास्त्रज्ञांच्या कल्पनेवरून आय. सी. आय. या कंपनीनें भुईमुगाचें प्रथिन विरघळवून, बारीक छिद्रांतून आम्लांत सोडून त्याचे धागे काढले. ‘आर्डिल’ नांवाच्या या भुईमुगी लोकरीचा ओव्हरकोट ॲस्टबरी स्वतः वापरीत असे. स्कॉटलंडमधील तिचा कारखाना १९५७ मध्यें बंद पडला; परंतु दाण्यांतील गुंडाळी उलगडून तिला नवा आकार देतां येतो, हा धडा शिल्लक राहिला. हिंदुस्थानांत भुईमुगाकडे पाहण्याची दृष्टि वेगळी होती. १९५० मध्यें म्हैसूर येथें स्थापन झालेल्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेनें शेंगदाण्याच्या पेंडीचें पीठ आणि हरभऱ्याचें पीठ एकत्र करून, त्यांत ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वें आणि कॅल्शियम घालून एक पूरक अन्न तयार केलें. प्रथिन आणि जीवनसत्त्व येथें एकाच पुडींत आलीं खरीं. मात्र अजून तीं शेजारी होतीं, एकमेकांचा हात त्यांनीं धरलेला नव्हता.

तो हात धरविण्याच्या युक्त्या गेल्या पन्नास वर्षांत सांपडत गेल्या. १९७६ मध्यें अमेरिकेंतील फ्रान्झेन आणि किन्सेला यांनीं सोयाबीनच्या प्रथिनाला सक्सिनिक आम्लाचे अंश जोडून त्याची पाण्यांत विरघळण्याची शक्ति वाढविली. दुसरी युक्ति साखरेची. फ्रान्सच्या लुई मेयार यानें १९१२ मध्यें साखर आणि अमिनो आम्लें तापविलीं असतां होणाऱ्या विक्रियेचें वर्णन केलें होतें. भाजलेल्या पावाच्या व खव्याच्या तांबूस रंगामागें तीच विक्रिया असते. जपानी संशोधकांनीं १९९० मध्यें हीच विक्रिया मोजक्या कोरड्या उष्णतेंत घडवून अंड्याच्या प्रथिनाला शर्करेच्या लांब सांखळ्या जोडल्या, आणि तेलपाण्याचें मिश्रण टिकवून धरणारें उत्तम द्रव्य मिळविलें. तीच रीत पुढें सोया व वाटाण्याच्या प्रथिनांना लावण्यांत आली. तिसरी युक्ति रिटहाउसेनच्या ग्लुटामिक आम्लाची आठवण देणारी आहे. गव्हाच्या ग्लूटेनमध्यें हें आम्ल बहुतांशीं एका झांकलेल्या रूपांत असतें. २००० च्या सुमारास जपानांत जंतूंपासून मिळविलेल्या एका विकराच्या साहाय्यानें तें झांकण काढतां येऊं लागलें; मग प्रथिनाच्या अंगावर विद्युद्भार वाढतो, रेणु एकमेकांस दूर लोटतात, आणि सांका बसत नाहीं. चौथी युक्ति सर्वांत साधी. प्रथिन तीव्र आम्लांत किंवा अल्कांत कांहीं वेळ ठेवलें, कीं त्याची गुंडाळी सैल होते. द्रावण पुन्हां पूर्ववत् केलें, कीं ती मिटते, पण पहिल्यासारखी घट्ट मिटत नाहीं. त्या सैल गुंडाळींत तेलकट पाहुण्याला शिरकाव मिळतो.

मक्याच्या झीइनची गोष्ट तर त्याच्या हट्टानेंच सोपी केली. तें मद्यार्कांत विरघळतें आणि कर्क्युमिनहि मद्यार्कांत विरघळतें. दोहोंचें एकत्र द्रावण पाण्यांत ओतलें, कीं झीइन ताबडतोब अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें बाहेर पडतें, आणि बाहेर पडतांना कर्क्युमिनला आपल्या पोटांत कोंडून घेतें. गोरॅमनें १८२१ मध्यें पाहिलेला गुण असा दोन शतकांनीं कामीं आला.

कर्क्युमिनचाहि इतिहास तेवढाच जुना. फोगेल आणि पेल्तिए यांनीं तें १८१५ मध्यें हळदींतून वेगळें काढलें. त्याची रचना १९१० मध्यें पोलिश रसायनशास्त्रज्ञांनीं निश्चित केली. २०१२ मध्यें म्हैसूरच्या त्याच अन्नसंशोधन संस्थेंतील संशोधकांनीं सोयाबीनच्या प्रथिनाशीं कर्क्युमिनचा संयोग घडवून त्याची पाण्यांतील विद्राव्यता शेंकडों पटींनीं वाढल्याचें प्रसिद्ध केलें. शिवाय पाण्यांत एरवीं लवकर नासणारें तें द्रव्य प्रथिनाच्या आश्रयानें अधिक काळ टिकलें. कॅरोटीन, ‘ड’ जीवनसत्त्व, हिरव्या पानांतील ल्युटीन यांवरहि सोया, वाटाणा आणि मका यांच्या प्रथिनांचे असेच प्रयोग झाले आहेत.

येथें एक सावधगिरी बाळगावयास हवी. पेल्यांत विरघळणें आणि अंगीं लागणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रथिन पोटांत गेल्यावर जठररस त्याचे तुकडे करतो. पाहुणा त्यापूर्वीं सुटला तर वाहन व्यर्थ, आणि शेवटपर्यंत सुटलाच नाहीं तरीहि व्यर्थ. रासायनिक रीतीनें पालटलेल्या प्रथिनाचें पोषणमूल्य उणावण्याचा संभव असतो. सोया, भुईमूग व गहूं यांचें कांहीं लोकांना वावडें असतें. हळदीच्या बाबतींत तर १९१३ च्या लोण्यासारखा निर्विवाद पुरावाहि नाहीं. २०१७ मध्यें अमेरिकेंतील रसायनतज्ज्ञांनीं सर्व पुरावा चाळून असें लिहिलें, कीं रुग्णांवरील काटेकोर, तुलनात्मक चाचण्यांत कर्क्युमिनचा औषधी गुण निःसंशय सिद्ध झालेला नाहीं. वाहन कितीहि चांगलें असलें, तरी त्यांत बसणाऱ्याची योग्यता स्वतंत्रपणें पारखावी लागते.

‘अ’ जीवनसत्त्वाची योग्यता मात्र केव्हांच पारखली गेली आहे. भारत सरकारनें १९५३ मध्यें वनस्पति तुपांत तें घालणें सक्तीचें केलें, आणि १९७० मध्यें लहान मुलांस दर सहा महिन्यांनीं त्याचा मोठा डोस पाजण्याची योजना सुरू केली. आल्फ्रेड सॉमर व त्याचे सहकारी यांनीं इंडोनेशियांत केलेली व १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेली पाहणी याहून पुढें गेली: ज्या खेड्यांत मुलांना हें जीवनसत्त्व दिलें, तेथील बालमृत्यूंचें प्रमाण न दिलेल्या खेड्यांपेक्षां सुमारें एक तृतीयांशानें कमी आढळलें. दृष्टीबरोबर प्राणांचाहि हा प्रश्न आहे, हें त्यावरून कळलें.

सहा महिन्यांनीं पाजलेला डोस अंधत्व टाळतो. रोजचें जेवण मात्र रोजच व्हावें लागतें. ज्या घरीं दूध परवडत नाहीं आणि तेल थेंबाथेंबानें वापरावें लागतें, त्या घरच्या डाळीच्या किंवा पिठाच्या प्रथिनांतूनच जीवनसत्त्व मुलाच्या अंगीं लागावें, या दिशेनें हे सर्व प्रयोग चालले आहेत. बोलोन्याच्या अध्यापकानें धुतलेला कणकेचा गोळा आणि न्यू हेवनच्या पिंजऱ्यांतील लोणी खाणारे उंदीर यांची भेट त्या दिवशीं पुरी होईल. तोंवर फोडणींत चार थेंब अधिक तेल आणि ताटांत मूठभर पालेभाजी, हा जुना मार्ग कोणत्याहि प्रयोगशाळेनें खोटा ठरविलेला नाहीं.